‘तुला काय, तुला सगळं जमतं’: बाहेरून ठीक, आतून थकलेल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेतली पालकसभा संपते, महिला मंडळाचं हळदीकुंकू आटोपतं आणि खुर्च्या उचलायला सुरुवात होते. तेवढ्यात कोणीतरी मागे थांबून विचारतं, “मॅडम, एक विचारू? तसं माझं काही बिघडलेलं नाही, पण…” रात्री उशिरा येणारे मेसेजही याच सुरातले असतात. गोव्यातल्या फोंडा, डिचोली, पेडणे, वाळपई, मडगाव अशा ठिकठिकाणांहून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. क्रमाने वाचलंच पाहिजे असं नाही. मात्र जगणं नकोसं वाटत असेल तर आधी प्रश्न १३ वाचा, बाकीचं नंतर.

१. माझं काम वेळेवर होतं, मुलांचे डबे चुकत नाहीत, कोणाची तक्रार नाही. मग मला त्रास होतो असं मी म्हणू शकते का?

म्हणू शकता. काम झालं की नाही एवढ्यावरून त्रास मोजता येत नाही. ते काम उरकायला आतून किती खर्ची पडतं हे बघावं लागतं.

बँकेत कॅश काउंटरवर बसणारी एक बाई डोळ्यांपुढे आणा. तिचा हिशेब पैशाला पैसा जुळतो. जुळल्यावर ती पुन्हा मोजते. निघताना ड्रॉवरला कुलूप लावलं का ते बघायला अर्ध्या जिन्यावरून परत फिरते. घराखाली स्कूटर लावते आणि हेल्मेट न काढता तशीच बसून राहते, कारण वर गेलं की दुसरी पाळी सुरू होणार. सकाळी उठल्यावर तिचा जबडा दुखतो, रात्रभर दात आवळलेले असतात म्हणून. साहेबांच्या लेखी ती शाखेतली सगळ्यात भरवशाची. ती बरी आहे असं साहेब म्हणतील, तिचा दंतवैद्य म्हणणार नाही.

२. याला नाव काय? नेटवर ‘हाय फंक्शनिंग अँग्झायटी’ असं वाचलं.

लोकांना पटकन कळतं म्हणून ते नाव रुळलंय. डॉक्टरांच्या निदानाच्या यादीत ते नाही. त्यांच्याकडे ‘जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर’ आहे. निदान सहा महिने, बहुतेक दिवस, अनेक गोष्टींची आवरत नाही अशी काळजी, आणि तिच्या जोडीला अस्वस्थपणा, लवकर थकणं, लक्ष न लागणं, चिडचिड, स्नायू आखडणं, झोप बिघडणं यांपैकी तीन तरी गोष्टी, असे त्याचे ढोबळ निकष. त्यातली एक अट मी मुद्दाम सांगते: मनाला लक्षणीय त्रास होत असावा ‘किंवा’ कामात अडथळा येत असावा. दोन्ही असलंच पाहिजे असं नाही. कामाला धक्का न लागताही निदान होऊ शकतं.

घरी अंदाज घ्यायला ‘जीएडी-७’ नावाची सात प्रश्नांची यादी मिळते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, गुण ० ते २१. दहा किंवा त्यावर आले तर डॉक्टरांशी बोला. गुण कमी आले म्हणून त्रास खोटा ठरत नाही. सगळं जमवणाऱ्या माणसांना त्या यादीतही ‘मधूनमधून’ याच रकान्यात खूण करायची खोड असते.

३. ही चिंता आहे की नुसता थकवा?

चार दिवस खरोखर विश्रांती घेतल्यावर थकवा उतरायला लागतो. चिंतेचं उलटं असतं. हातातलं काम सुटलं की डोकं मोकळं होतं आणि तिला जागा मिळते. म्हणून कित्येकांचं डोकं रविवारी दुखतं, आणि सुट्टीत माहेरी गेलेली बाई तिसऱ्या दिवशी आईची कपाटं आवरायला घेते.

‘बर्नआउट’ हा शब्दही फार विचारला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तो आजार म्हणून येत नाही, नोकरीशी जोडलेली अवस्था म्हणून येतो. सतत गळून जाणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं, अशा त्याच्या तीन खुणा. तिसरी शक्यता नैराश्याची. आवडीचं भजन, नाटकाची तालीम, हुमण-शीत (माशाची आमटी-भात), कशातच गोडी उरली नसेल आणि हे दोन आठवड्यांहून अधिक चाललं असेल, तर नुसत्या विश्रांतीवर भागवू नका. प्रत्यक्षात तिन्ही एकमेकांत मिसळलेली असतात. वेगळं करण्याचं काम डॉक्टरवर सोडा.

४. गोव्यात सगळे सुशेगाद, म्हणजे निवांत. इथे कसली आलीय एवढी चिंता?

हा प्रश्न सहसा बाहेरचे विचारतात, आणि आपले काही काका-मामा. सीझनमध्ये हॉटेलच्या रिसेप्शनवर रात्रपाळीला हसत उभ्या राहणाऱ्या मुलीला विचारा, किंवा वेर्ण्याच्या कंपनीत पाळी बदलत काम करणाऱ्याला. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा ट्रकचे हप्ते अंगावर घेऊन सणाला घरभर नवे कपडे आणणारे बाप डिचोली-सांग्यात कमी नव्हते.

मनाचा विषयही इथे नवा नाही. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी ज्यांचा पुतळा आहे ते कांदोळीचे आबे फारिया. संमोहनाची ताकद करणाऱ्याच्या हातात नसते, समोरच्याच्या मनात असते, हे त्यांनी पॅरिसात बसून मांडलं. ते वारले १८१९ साली. आपल्या काळात, गोव्यातल्या आरोग्य केंद्रांत स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन चिंता आणि नैराश्यावर समुपदेशन करता येतं का, यावर मोठा अभ्यास झाला. २०१० साली तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि सरकारी केंद्रांत त्याचा फायदा दिसला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, गावच्या बोलीत बोलणाऱ्या समुपदेशकांनी ते काम केलं होतं.

५. छातीत धडधड, पित्त, मान आखडलेली. डॉक्टर म्हणतात रिपोर्ट नॉर्मल आहेत. म्हणजे मी ढोंग करते का?

नाही. धोका जाणवला की शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं. हृदय जोरात चालतं, पचन मागे पडतं, स्नायू ताठरतात. धोका खराखुरा असो की उद्याच्या मीटिंगचा, शरीर दोन्हीला तसंच वागतं. ते महिनोन्महिने चालू राहिलं तर दुखणारच.

पण आधी तपासण्या झालेल्या असू द्या. थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असली तर ते हुबेहूब चिंतेसारखं दिसतं. हिमोग्लोबिन, बी-१२, साखर हेही बघून घ्या. चाळिशीनंतर पाळी अनियमित होऊ लागली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. दम्याचे काही पंप आणि सर्दीच्या काही गोळ्यांनीही धडधड होते. छातीत दुखणं, हाताकडे कळ जाणं, घाम फुटणं असं पहिल्यांदाच झालं तर ‘टेन्शन असेल’ म्हणून घरी बसू नका. आधी इसीजी.

६. रात्री तीनला जाग येते आणि उद्याची यादी सुरू होते. काय करू?

घड्याळ बघू नका. मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं तर उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा. वर्तमानपत्रातल्या टेंडरच्या जाहिराती त्याला उत्तम. झोप आली की परत आडवं व्हा. सकाळी उठायची वेळ मात्र रोज तीच ठेवा, रात्र कशीही गेली तरी.

खरं काम संध्याकाळी करायचं असतं. दिवेलागणीनंतर पंधरा-वीस मिनिटं वही घेऊन बसा आणि डोक्यात आहे ते सगळं उतरवा. ज्यावर काही करता येईल त्यापुढे पुढचं एकच पाऊल लिहा. ज्यावर काहीच करता येणार नाही त्यापुढे तसं लिहा आणि वही मिटा. पहिले काही दिवस हे हास्यास्पद वाटतं, तरी चालू ठेवा. संध्याकाळी चारनंतरचा चहा-कॉफी बंद करा. कॅफीन निम्मं उतरायलाच सरासरी पाचेक तास लागतात.

७. ‘तुला जमतं’ म्हणून सगळं माझ्याकडेच येतं. नाही कसं म्हणू?

हा प्रश्न श्रावण सरत आला की वाढतो. कारण उघड आहे: चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. मूळ घरी पंचवीस-तीस माणसं जमणार, त्यांची अंथरुणं, पातोळ्यांसाठी हळदीची पानं, नेवऱ्या, मुगागाठी, खतखत्याच्या भाज्या, भटजींची वेळ, आरत्यांना येणाऱ्यांचा चहा. माटोळीच्या (गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीच्या) बाजारात कोण जाणार ते शेवटच्या दिवसापर्यंत ठरत नाही, म्हणून जिला ‘जमतं’ तीच जाते. विसर्जनानंतर सगळे म्हणतात, “यंदा चवथ बरी झाली.” ती मात्र भांडी मोजत असते.

एकदम ‘नाही’ म्हणायला जाऊ नका, जमणार नाही. आयुष्यभर हो म्हणणाऱ्याचं पहिलं ‘नाही’ बहुतेक वेळा रडून किंवा भांडूनच निघतं. त्याऐवजी एक काम त्याच्या काळजीसकट दुसऱ्याला द्या. “भावजी, यंदा माटोळी तुमची. सामान आणणं, बांधणं, काय राहिलं ते बघणं, सगळं. मी विचारणारसुद्धा नाही.” आणि मग खरोखर विचारायचं नाही. सुपारीचे घोस एका बाजूला झुकले तरी गप्प बसायचं. कठीण भाग तोच आहे. काम देऊन त्याच्यावर नजर ठेवली तर तुमचा भार जराही कमी होत नाही, वर भावजींचा अपमान होतो तो वेगळाच.

सासूबाईंशी बोलताना दुखणं पुढे करण्यापेक्षा उपाय पुढे करा: “आई, नेवऱ्या यंदा बचतगटाच्या आणूया, पातोळ्या आपण घरीच करू.” एखाद्या घरात यावर अबोला धरतील. धरू देत. तो बहुतेक वेळा पुढच्या आरतीपर्यंतही टिकत नाही.

ऑफिसात किंवा सोसायटीत कोणी काही गळ्यात मारायला आलं की “बघून उद्या सांगते” एवढं वाक्य तोंडपाठ ठेवा. जागच्या जागी होकार देण्याची सवय मोडण्यासाठी तेवढी एक रात्र पुरते.

८. नवरा काहीच बोलत नाही. कामावर हुशार, घरी आला की चिडतो आणि रोज संध्याकाळी घेतो. हेही त्यातलंच का?

असू शकतं. पुरुषांची चिंता पुष्कळदा रागाच्या, गप्प बसण्याच्या किंवा बाटलीच्या रूपात दिसते. दारू पहिल्या तासात मन सैल करते, म्हणून ती औषध वाटते. पण तिने मध्यरात्रीनंतरची झोप मोडते आणि सकाळी चिंता दुपटीने येते. मग संध्याकाळची वाट बघणं आलं. दर वळणावर बार असलेल्या राज्यात हे कोणाच्या डोळ्यांवरही येत नाही.

त्यांच्याशी समोरासमोर बसून “तुम्हाला प्रॉब्लेम आहे” असं बोलू नका. गाडीत, बाजारातून येताना, नजर रस्त्यावर असताना माणूस जास्त बोलतो. “तुम्ही हल्ली रात्री तीनला उठून बसता, मला दिसतं” असं डोळ्यांनी पाहिलेलं सांगा. तुमचा निष्कर्ष बाजूला ठेवा.

एक सावधगिरी: रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात पूर्ण बंद करणं धोक्याचं आहे. थरथर, भास, फिट्सही येऊ शकतात. आधी डॉक्टरला विचारा. गोळ्या चालू असतील तर प्रश्न १४ बघा.

९. नवरा जहाजावर. मी इथे घर, मुलं, त्याचे आईवडील सांभाळते. फोनवर दोघंही ‘सगळं बरं’ म्हणतो. हे चुकतंय का?

त्याला भर समुद्रात काळजीत टाकायचं नाही हे समजतं. पण तोही तुम्हाला तेच करतो आहे, आणि महिनोन्महिने दोघंही एकमेकांसमोर नाटक वठवत राहता. आठवड्यातून एकदा ‘एक बरी गोष्ट, एक जड गोष्ट’ असा नियम ठरवा. जड गोष्टीवर उपाय शोधायचा नाही, नुसतं ऐकायचं. इथे मात्र आठवड्याचा एक ठरलेला अर्धा दिवस सासऱ्यांची औषधं आणि मुलांची शिकवणी बघणारं दुसरं कोणीतरी हवंच. ते कसं मागायचं ते प्रश्न ७ मध्ये आहे.

१०. मुलगी बारावीला, नेहमी नव्वदच्या वर. शिक्षक खूश. पण रात्री रडते, एकच पान चार वेळा लिहिते.

टक्के हा ती बरी असल्याचा पुरावा धरू नका. पुन्हा पुन्हा लिहिणं, परीक्षेच्या सकाळी पोटात दुखणं, एक गुण गेला तर जेवण सोडणं, मैत्रिणींना टाळणं, हे दिसत असेल तर शाळेतल्या समुपदेशकापासून सुरुवात करा. आठवडा-दोन आठवड्यांत उतार नसेल तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. घरी पाहुण्यांसमोर “आमच्या बाईला सांगावंच लागत नाही, आपली आपण करते” हे कौतुक थांबवा. तिला ते कौतुक म्हणून ऐकू येत नाही, पुढच्या परीक्षेची अट म्हणून ऐकू येतं.

११. कुठे जायचं? एकदम बांबोळीला?

तसं बंधन नाही. ओळखीच्या फॅमिली डॉक्टरपासून किंवा जवळच्या आरोग्य केंद्रापासून सुरुवात करता येते. म्हापशाच्या आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांत मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारा. बांबोळीची सरकारी मानसोपचार संस्था म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे बंद वॉर्ड येतात. पण तिथेही ओपीडीत येणारे खूपजण तुमच्यासारखेच हातात डबा आणि ऑफिसची बॅग घेऊन आलेले असतात.

घरातून हलायचं नसेल तर टेलि-मानस: १४४१६. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही हेल्पलाइन मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.

कोणाकडे काय मिळतं हेही सांगते. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रातलं वैद्यकीय शिक्षण घेतलेला डॉक्टर, तो औषध लिहितो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि बोलण्यातून उपचार करतो. समुपदेशकाची पाटी मात्र कोणीही लावतं, तेव्हा शिक्षण कुठलं, अनुभव कशाचा, हे न लाजता विचारा. उत्तर देताना जो दुखावला जाईल त्याच्याकडे जाऊ नका.

१२. गोवा एवढंसं. वेटिंगमध्ये कोणी ओळखीचं भेटलं तर?

भेटेल. तीही व्यक्ती तिथेच बसलेली असेल, हे लक्षात असू द्या.

कायदा तुमच्या बाजूने आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचारांची माहिती गुप्त राखण्याचा हक्क दिला आहे. कोणाच्या जिवाला धोका असणं किंवा न्यायालयाचा आदेश यांसारखे मोजकेच अपवाद त्याला आहेत. त्याच कायद्याने आरोग्य विम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखीच वागणूक देणं बंधनकारक केलं. पॉलिसीचे बाकीचे नियम लागू राहतात, तेव्हा विमा घेताना आजार लपवू नका.

कायदा काही शेजारणीला लागू होत नाही, हे मलाही कळतं. म्हणून सरळ युक्ती: पेडण्याच्या माणसाने मडगावचा डॉक्टर गाठावा, फोंड्याच्याने म्हापशाचा. पहिल्या भेटीनंतर फोनवर किंवा व्हिडिओवर बोलता येईल का ते विचारावं. कोणी हटकलंच तर “झोपेच्या तक्रारीसाठी आले होते” हे खरंही आहे आणि पुरेसंही.

१३. कधी कधी वाटतं झोपलेली उठूच नये. पण मी तसं काही करणार नाही. हे कोणाला सांगायचं का?

हो, आणि आजच. ‘करणार नाही’ हे तुम्ही मनापासून म्हणत असाल, तरी असा विचार येणं हीच मदत घेण्याची वेळ आहे. १४४१६ ला फोन करा. मनात काही बेत आकार घेत असेल किंवा एकटं राहण्याची भीती वाटत असेल तर ११२ किंवा १०८ ला फोन करा, नाहीतर कोणाला तरी सोबत घेऊन थेट जवळच्या इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत जा. तिथे पोहोचेपर्यंत एकटं राहू नका.

घरच्यांसाठी: सरळ विचारा, “जगणं नको असं वाटतं का तुला?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. सगळं जमवणारी माणसं यातच निसटतात. रात्र कशीही गेली तरी सकाळी ती इस्त्रीचे कपडे घालून कामावर हजर असतात, म्हणून कोणी विचारत नाही. पोलिसांची भीती घालून कोणी गप्प करत असेल तर हे सांगा: २०१७ च्या त्याच कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरलं जातं, आणि तिच्यावर उपचार करणं ही सरकारची जबाबदारी ठरते.

१४. गोळ्या सुरू केल्या की आयुष्यभर घ्याव्या लागतात का?

बहुतेकांना नाही. चिंतेवर सहसा ज्या गटाच्या गोळ्या देतात त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीच्या दिवसांत मळमळ किंवा अस्वस्थपणा वाढू शकतो आणि नेमक्या तेव्हाच लोक सोडून देतात. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवायला सांगतात, मग हळूहळू कमी करतात. आपल्या मनाने एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, झोपमोड होते. ते व्यसन नसतं, पण त्रास होतो.

अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. त्या अर्ध्या-पाऊण तासात शांत करतात, म्हणून आवडतात, आणि त्यांची सवय लागते. थोडे दिवस, डॉक्टरच्या देखरेखीखाली ठीक. शेजारच्या काकूंच्या पर्समधली अर्धी पट्टी, किंवा ओळखीच्या फार्मसीवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलेली, अजिबात नको. त्यांच्यावर दारू तर कधीच नाही. दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो.

१५. सासूबाई म्हणतात देवाला कौल लावूया. कोणी योग सांगतं, कोणी जप. करू का?

करा की. देवळात जाऊन मन हलकं होत असेल तर डॉक्टरांचंही काही म्हणणं नसतं. दोनच अटी. प्रसाद उजवा आला म्हणून गोळी बंद करायची नाही. आणि पहाटे चारला उठून पारायण, वर सोळा सोमवार, वर योगाचा वर्ग अशी त्याची नवी यादी करायची नाही. तुमच्यासारखी माणसं विश्रांतीतही पहिला नंबर काढायला बघतात. काही न शिकता करण्यासारखं हवं असेल तर श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लावा, पाचेक मिनिटं.

१६. चिंतेमुळेच तर मी इथवर पोचले. ती गेली तर काम ढिलं पडेल ना?

सगळ्यात प्रामाणिक प्रश्न हा, आणि उपचार अर्ध्यावर सोडण्यामागे बऱ्याचदा हीच भीती असते.

थोडा ताण कामाला मदत करतो, जास्त झाला की कठीण काम बिघडवतो, हे यर्क्स आणि डॉडसन या दोघांच्या नावाने १९०८ सालापासून सांगितलं जातं. उपचाराने आमटीतलं सगळं मीठ काढायचं नसतं, खारट झालेली आमटी खाण्याजोगी करायची असते. तुमची हुशारी, तुमची शिस्त, माणसांशी बोलायची हातोटी चिंतेने दिलेली नाही. ती तिच्या बरोबरीने वाढली, एवढंच. १९७८ साली पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी कर्तबगार बायकांबद्दल लिहिलं, की यश हातात असूनही त्यांना ते नशिबाने किंवा चुकून मिळालंय असं वाटतं आणि आज ना उद्या आपलं बिंग फुटेल ही धास्ती जात नाही. अशा माणसाला प्रत्येक यश चिंतेच्याच खात्यावर जमा करायची सवय लागते.

वाद घालत बसू नका, तपासून बघा. ज्या ईमेलला पाच वेळा वाचून पाठवता तो एकदाच वाचून पाठवा. पाठवण्याआधी कागदावर लिहा: काय बिघडेल असं वाटतंय, आणि किती टक्के खात्री आहे. आठवड्याने तो कागद उघडा. अशा कागदांची चळत झाली की तुमचं तुम्हालाच दिसेल. सुरुवात किरकोळ ईमेलने करा, आयकर विवरणपत्राने नको.

१७. मैत्रीण सगळं छान करते, पण आतून ती बरी नाही असं मला वाटतं. मी काय करू?

“काळजी घे” म्हणू नका, तेही एक काम तिच्या यादीत चढतं. “तू किती स्ट्राँग आहेस” तर मुळीच नको. “काही लागलं तर सांग” यालाही ती कधी सांगणार नाही. त्यापेक्षा नेमकं विचारा: “गुरुवारी तुझ्या मुलाला शिकवणीहून मी आणते, चालेल?” किंवा बांगडे साफ करून, मीठ-हळद लावून डब्यातून नेऊन द्या, नुसते तळायचे बाकी ठेवा. दोन-चार वेळा असं झालं की कधीतरी दारात उभ्या उभ्या ती बोलायला लागेल. तेव्हा उपाय सांगू नका. काळजी वाटण्यासारखं काही बोलली तर प्रश्न १३.

१८. ऑफिसात वरिष्ठांना सांगावं का?

निदान सांगण्याची सक्ती नसते. वरिष्ठ कसे आहेत ते तुम्हालाच ठाऊक. चांगले असतील तरी आजाराचं नाव सांगण्याआधी गरज सांगा: “पुढचे दोन महिने रात्रपाळी नको”, “दर बुधवारी साडेचारला निघावं लागेल, वैद्यकीय कारण आहे.” रजेच्या अर्जासोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र हवं असेल तर त्यात किती तपशील लिहायचा हे डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या. हॉटेलात किंवा दुकानात सीझन चालू असेल तर आयत्या वेळी मागण्यापेक्षा पाळ्यांचं वेळापत्रक लागायच्या आधी बोला.

“तू? तुला काय झालंय?” असं वरिष्ठ म्हणण्याची शक्यता दाट आहे. खुलासा देत बसू नका, अर्ज टेबलावर ठेवा. पोच मात्र घ्या, तारखेसकट.